सोलो इथे हवाच कशाला? : डेव्हिड गिलमोरचा ‘लक अँड स्ट्रेंज’

पिंक फ्लॉइड या बँडचा गिटारवादक आणि गायक डेव्हिड गिलमोर, त्याला स्टुडिओत बसून कुणी विचारावं, की या जागी गिटारचा सोलो हवाच कशाला? चार्ली अँड्र्यूनं विचारलं. वर आणखी हेही विचारलं, की सगळी गाणी शेवटी विरूनच का जातात, एखादं सरळ संपवता येत नाही का? अँड्र्यू हा ‘अल्ट-जे’ या बँडचा निर्माता म्हणून ओळखला जातो. गिलमोरच्या गतवैभवाची त्याला फारशी माहिती नव्हती आणि धाक तर त्याहून नव्हता. हे सगळं गिलमोरनंच कौतुकानं सांगितलं आहे. ६ सप्टेंबर २०२४ ला आलेल्या ‘लक अँड स्ट्रेंज’ या त्याच्या अल्बममध्ये जे जमून आलं आहे, त्याचं निम्मं श्रेय या दोन प्रश्नांना द्यायला हवं.

१९७८, १९८४, २००६, २०१५ आणि आता २०२४. सेहेचाळीस वर्षांत पाच एकल अल्बम म्हणजे माणूस घाईतला नाही. अडचण घाईची नव्हतीच, अडचण होती लाडाची. २००६ आणि २०१५ या दोन्ही अल्बमांत सहनिर्माता म्हणून फिल मॅन्झानेरा होता, जुना दोस्त आणि स्वतः नावाजलेला गिटारवादक. दोस्त सहसा ‘हे काढ’ म्हणत नाहीत. त्या अल्बमांतले सोलो आजही कान तृप्त करतात, पण गाण्याचा मुखडा आठवायला जावं तर हाती धूर लागतो. या वेळी तसं होत नाही. नऊ रचना, त्यातल्या दोन तर दोन मिनिटांच्याही आतल्या, आणि एकूण लांबी ४३ मिनिटं ५१ सेकंद. पाल्हाळ लावायला जागाच ठेवलेली नाही.

अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्याचे आधीचे दोनही गेले होते, त्यामुळे त्यात नवल नाही. १९७३ नंतरचं, म्हणजे फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’नंतरचं, हे आपलं सर्वोत्तम काम, असंही गिलमोर म्हणून बसला आहे. हे जरा जास्तच झालं. फ्लॉइडचाच ‘विश यू वर हियर’ १९७५चा आहे, हे त्याला कुणीतरी आठवण करून द्यायला हवं. पण एकल अल्बमांपुरतं बोलायचं तर दावा खोडून काढणं अवघड आहे.

ऐकायला सुरुवात नावाच्याच गाण्यापासून करावी, कारण या अल्बममध्ये नेमकं काय घडलंय हे समजून घ्यायची किल्ली तिथे आहे. ‘लक अँड स्ट्रेंज’ या गाण्याचा पाया २००७ सालचा आहे. गिलमोरच्या घरच्या कोठारात चौघे जण सहज वाजवत बसले होते: तो स्वतः, बासवर गाय प्रॅट, ड्रमवर स्टीव्ह डिस्टॅनिस्लाओ आणि कीबोर्डवर पिंक फ्लॉइडमधला जुना साथी रिक राइट. राइट सप्टेंबर २००८ मध्ये गेला. त्या बैठकीचं, म्हणजे जॅमचं, मूळ ध्वनिमुद्रण अल्बमच्या शेवटी जास्तीची रचना म्हणून दिलं आहे, जवळजवळ चौदा मिनिटांचं. पक्कं गाणं ६ मिनिटं ५७ सेकंदांचं आहे. म्हणजे लांबी निम्म्यावर आली, आणि त्या निम्म्यातही मूळ जॅममध्ये नसलेले भाग नव्यानं रचून बसवले आहेत.

आधी पक्कं गाणं ऐका, मग जॅम, मग पुन्हा पक्कं. हा क्रम उलटा करू नका. जॅम आधी ऐकलीत तर तिच्या संथपणातच रमाल आणि नंतरच्या कात्रीचं मोल कळणार नाही. जॅममध्ये चौघेही एकाच ठेक्यावर फिरत राहतात, गिटारची ती ब्लूज वळणाची छोटी चाल पुन्हा पुन्हा येते, कुणी पुढे होत नाही, कुणी मागेही हटत नाही. बैठकीत बसलेल्याला हे स्वर्गसुख. घरी ऐकणाऱ्याला सहाव्या मिनिटानंतर जांभई. पक्क्या गाण्यात तीच चाल मुखड्याचं काम करते. तिच्यावर गाणं येतं, गाण्याला चढणारा भाग मिळतो, आणि परत त्या चालीवर उतरल्यावर समेवर आल्यासारखं वाटतं, कारण मधे आपण तिच्यापासून लांब जाऊन आलेलो असतो. जॅममध्ये लांब जाणंच नाही, त्यामुळे परतीची गंमतही नाही.

असं काम कागदावर सोपं दिसतं. चार माणसं एका खोलीत वाजवतात तेव्हा ड्रमचा आवाज पियानोच्या माइकमध्ये शिरतो, गिटारचा ड्रमच्या माइकमध्ये. एखाद्याचं वाजवणं नंतर काढून टाकायचं म्हटलं तर त्याचं भूत बाकीच्या ट्रॅकवर उरतंच. शिवाय मेट्रोनोमच्या टिकटिकीशिवाय वाजवलेल्या ठेक्याची लय थोडी पुढेमागे होत असते. त्यावर पुढं कित्येक वर्षांनी नवा भाग चढवायचा तर दोन वाटा: जुनी लय संगणकावर कापून सरळ करायची, म्हणजे तिचा जीव जातो, नाहीतर नव्या वादकानं जुन्या लयीचा झोल कानानं पकडून त्याबरोबर डुलायचं. इथे जोड कानाला खटकत नाही. हेडफोन लावून मुद्दाम शोधायला बसलात तरी राइटचा इलेक्ट्रिक पियानो आणि ऑर्गन बाकीच्यांपेक्षा ‘जुन्या खोलीतले’ वाटत नाहीत.

राइटचं वाजवणं म्हणाल तर तो इथे काहीच ‘करत’ नाही, आणि तेच त्याचं वैशिष्ट्य. गिलमोरची ओळ संपते, श्वासाएवढी फट राहते, आणि त्या फटीत दोन-तीन स्वर येऊन बसतात. गिलमोर पुन्हा सुरू झाला की तो नाहीसा. पिंक फ्लॉइडमध्ये या दोघांचं जे सवाल-जवाब होतं ते असंच होतं, आणि त्याची जागा भरून काढणारा दुसरा कीबोर्डवादक गिलमोरला मिळालेला नाही. रॉब जेंट्री आणि रॉजर ईनो या अल्बमवर उत्तम वाजवतात, पण ते पार्श्वभूमी रंगवतात, राइट बोलतो.

या गाण्याच्या आधी येणारी ‘ब्लॅक कॅट’ ही दीड मिनिटाची वाद्यरचना म्हणजे नुसता उंबरठा. सुरेख आहे, पण वेगळी ऐकायला जाऊ नका.

‘द पायपर्स कॉल’ हे एप्रिल २०२४ मध्ये सगळ्यांत आधी बाहेर आलेलं गाणं. अल्बमचं पहिलं दर्शन म्हणून ते निवडलं हे शहाणपणाचं, कारण त्यात सगळं थोडं थोडं आहे: अकूस्टिक सुरुवात, गुणगुणता येईल असा मुखडा, शेवटी ओरखडे काढणारी इलेक्ट्रिक गिटार. नेमक्या याच कारणानं दहाव्यांदा ऐकताना ते इतरांपेक्षा लवकर जुनं होतं. ‘अ सिंगल स्पार्क’ त्याहून खोल आहे. ठेका तुटक, यंत्रासारखा टिकटिकणारा, आणि त्यावर गाणं मात्र प्रार्थनेच्या वळणाचं. मरणानंतर काही नाही हे मान्य करून बसलेल्या माणसाची प्रार्थना. कोरस आणि व्हायोलिनांची मांडणी विल गार्डनरची आहे. इथे ती नेमकी बसली आहे, कारण खालचा ठेका कोरडा आहे; वरचं सगळं तुपकट असतं तर घास उतरला नसता. शेवटी येणारा सोलो लांब आहे, पण तो आधीच्या चालीतूनच फुटतो, वरून चिकटवल्यासारखा नाही.

मग ४६ सेकंदांची ‘व्हिटा ब्रेव्हिस’, गिलमोरच्या मुलीची, रोमनीची, हार्प. आणि तिच्यातून उघडतं अल्बममधलं सगळ्यांत वेगळं गाणं.

‘बिट्वीन टू पॉइंट्स’ हे गिलमोरचं नाही. ‘द मॉन्टगॉल्फिअर ब्रदर्स’ नावाच्या इंग्लिश जोडगोळीचं १९९९चं गाणं, फारसं कुणाच्या कानांवर न पडलेलं. गिलमोरनं ते उचललं आणि गायला मुलीला दिलं. घराणेशाहीचा आरोप करायला हात शिवशिवतात, पण गाणं सुरू झालं की हात खाली येतात. रोमनीचा आवाज सरळ आहे. शेवटाला कंप नाही, शब्द दाबून म्हणणं नाही, दुःख दाखवायची धडपड नाही. गाण्यातला माणूस हरलेला आहे आणि हरल्याचं त्याला विशेष काही वाटेनासं झालंय. असे शब्द भावनेनं भिजवून गायले असते तर गाणं रडकं झालं असतं. कोरडे गायल्यामुळे ते बोचतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बापाच्या आवाजात हे जमलं नसतं. त्याच्या आवाजात वय आहे, आणि वय आलं की ऐकणारा आपोआप सहानुभूती देऊन मोकळा होतो.

या गाण्यात गिलमोर बराच वेळ जवळजवळ दिसत नाही. पाच मिनिटं सेहेचाळीस सेकंदांच्या गाण्यात त्याची गिटार खऱ्या अर्थानं पुढे येते ती शेवटाकडे, आणि तोपर्यंत आपण तिची वाट पाहायला लागलेलो असतो. अँड्र्यूच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. सोलो हवाच, पण आधी त्याची भूक लागू द्यायची. मुलीनं जे बोलायचं टाळलं ते बापाची गिटार बोलून टाकते. अख्ख्या अल्बममधून एकच गाणं निवडायचं झालं तर हे निवडावं.

त्यानंतरची दोन गाणी मात्र उतार आहेत. ‘डार्क अँड व्हेल्व्हेट नाइट्स’ला ठसकेबाज ठेका आहे, ऑर्गन गुरगुरतो, गिटार दात दाखवते, मधे अशा एका गाण्याची गरज होतीच. शब्द गिलमोरची बायको पॉली सॅम्सन हिनं लग्नाच्या वाढदिवसाला लिहिलेल्या कवितेचे आहेत आणि ते चालीवर चढवताना कुठे कुठे ओढाताण झालेली कळते. ‘सिंग्ज’ हे गुळमट आहे, दुसरा शब्द नाही. मुलगा लहान असताना १९९७ मध्ये टिपलेला त्याचा बोबडा आवाज त्यात वापरला आहे. ज्यांच्या घरचं आहे त्यांना गहिवर येईल. आपल्याला दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम पाहिल्यासारखं होतं. अँड्र्यूनं तिसरा प्रश्न विचारायला हवा होता तो इथे.

सॅम्सनच्या शब्दांबद्दल आणखी थोडं. फ्लॉइडच्या १९९४च्या ‘द डिव्हिजन बेल’पासून ती गिलमोरसाठी लिहिते आहे आणि त्या वेळेपासून तिच्यावर टीकाही होते आहे. या अल्बमवर तिचं लिखाण सगळ्यांत नेमकं आहे, कारण विषय एकच आहे: वय झालं, वेळ कमी उरली. पण नऊपैकी चार-पाच रचनांत तोच सूर लागला की एखाद्या संध्याकाळी तो जड होतो. सकाळी ऐकायचा अल्बम नव्हे हा.

शेवटी ‘स्कॅटर्ड’, साडेसात मिनिटांचं. शब्दांत सॅम्सन आणि गिलमोरच्या जोडीला मुलगा चार्लीचाही हात आहे. सुरुवातीला हृदयाच्या ठोक्यासारखं काहीतरी धडधडतं, ‘डार्क साइड’ असाच सुरू होतो, म्हणून फ्लॉइडचे चाहते एकमेकांकडे पाहून मान डोलावतात. पण गाणं त्या आठवणीवर जगत नाही. पियानो येतो, वाद्यवृंद चढत जातो, आणि आता नेहमीसारखी इलेक्ट्रिक गिटार फुटणार असं वाटतं त्या जागी अकूस्टिक गिटारचा सोलो येतो. बारीक, लाकडी, जवळजवळ अडखळत बोलणारा. अकूस्टिक गिटारवर इलेक्ट्रिकसारखा स्वर लांबवता येत नाही. छेडला की तो लगेच मरायला लागतो. त्यामुळे गिलमोरला त्याचं मुख्य शस्त्र, म्हणजे धरून ठेवलेली मींड, टाकून द्यावं लागतं आणि स्वर जास्त, ओळी लहान अशा रीतीनं वाजवावं लागतं. त्यानंतर इलेक्ट्रिक गिटार येते तेव्हा पहिला लांब स्वर पाणी मिळाल्यासारखा लागतो. दोन सोलो पाठोपाठ ठेवणं ही खरं तर चैन, पण दुसरा खरा वाटतो तो पहिल्यामुळे. कान देऊन ऐकायची जागा हीच.

गाण्याच्या आवाजाबद्दल एक तक्रार. वरच्या पट्टीत गिलमोरचा आवाज पातळ झाला आहे, आणि ते लपवायला काही ठिकाणी त्याच्याच आवाजाचे थर एकावर एक चढवले आहेत. खालच्या पट्टीत तो एकटा गातो तिथे खरखर ऐकू येते आणि तीच चांगली वाटते. ड्रमवर स्टीव्ह गॅड आणि ॲडम बेट्स यांच्यासारखी माणसं असल्यावर तालाबद्दल बोलायलाच नको. बासवर प्रॅटच्या जोडीला टॉम हर्बर्ट आहे.

आता गिटार वाजवणाऱ्यांसाठी, कारण हा अल्बम विकत घेणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी असणार आणि त्यातले अर्धे दुसऱ्याच दिवशी पेडल विकत घ्यायला निघणार.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. फ्लॉइडच्या रेकॉर्डवर ऐकलेली ती प्रसिद्ध काळी स्ट्रॅटोकॅस्टर गिटार या अल्बमच्या वेळी गिलमोरकडे नव्हतीच. २० जून २०१९ ला न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली, आणि त्या लिलावाचे सगळे पैसे ‘क्लायंटअर्थ’ या पर्यावरण संस्थेला दिले गेले. तरी पहिल्या दोन स्वरांत हात ओळखू येतो. तेव्हा पैसे खर्च करायच्या आधी तारा बदला.

त्याच्या नावानं मिळणारा जीएचएस कंपनीचा तारांचा संच १०-१२-१६-२८-३८-४८ असा आहे (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत). नेहमीचा दहाचा संच १०-१३-१७-२६-३६-४६. फरक बघा: दुसरी आणि तिसरी तार बारीक, म्हणजे जिथे मींड सर्वांत जास्त घेतली जाते तिथे बोटाला सोपं, खालच्या तीन तारा जाड, म्हणजे खर्ज भरीव. हा संच चढवल्यावर ब्रिजच्या मागच्या स्प्रिंगांचा ताण पुन्हा जुळवावा लागतो, नाहीतर ब्रिज पुढे झुकतो आणि सगळ्या तारा उंच होतात. नटच्या खाचांत पेन्सिलीचं शिसं घासा. मींड सोडल्यावर तार मूळ स्वरावर परत न येण्याचं कारण दहातल्या आठ वेळा खाचेत अडकणं हेच असतं.

दुसरी अडचण फ्रेटबोर्डच्या गोलाईची. जुन्या वळणाच्या स्ट्रॅटची गोलाई ७.२५ इंच असते. कॉर्ड धरायला हाताला आराम, पण बाराव्या फ्रेटच्या वर मोठी मींड घेतली की तार मधल्या उंचवट्यावर टेकते आणि स्वर गुदमरून मरतो. पुष्कळांना वाटतं आपल्या बोटात जोर नाही. जोर आहे, तार खाली आहे. पहिल्या दोन तारांची उंची थोडी थोडी वाढवत न्या, आणि मींड पूर्ण झाल्यावरही स्वर मोकळा वाजला की थांबा. तरी नाही जमलं तर ९.५ इंच किंवा त्याहून सपाट गोलाईची गिटार घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

मींड सुरात येते की नाही हे तपासायची साधी रीत: दुसऱ्या तारेवर दहावं फ्रेट वाजवून तो स्वर कानात घ्या. मग आठव्या फ्रेटवरून खेचून तिथेच पोहोचा आणि चार मात्रा धरा. या चार मात्रांत कंप नको. सूर पक्का झाला की मग कंप, आणि तो खाली येऊन परत वर जाणारा, कारण खेचलेली तार आणखी वर नेली की सूर चढा लागतो. अनामिकेनं खेचताना मधलं बोट आणि तर्जनी मागे आधाराला हवीत आणि जोर मनगटाच्या वळण्यातून यायला हवा. नुसत्या बोटाच्या पेरानं खेचणाऱ्याचा सूर पाव घर कमी पडतो आणि तो दोष तो पेडलवर ढकलतो. तर्जनीचं टोक वरच्या तारेला हलकं टेकवून ठेवा, नाहीतर मींड सोडताना शेजारची तार कण्हते.

आवाजाच्या पेडलांत लोक धावतात ते बिग मफ या फझ पेडलकडे, म्हणजे आवाज फाडून खरखरीत करणाऱ्या पेडलकडे. गिलमोर हे पेडल पूर्वीपासून हायवॅटसारख्या मोठ्या, स्वच्छ, मोठ्यानं वाजणाऱ्या ॲम्पमध्ये वापरत आला. तेच पेडल घरच्या छोट्या ॲम्पमध्ये लावलं की मधमाश्यांचं पोळं ऐकू येतं. कारण सरळ आहे: मफ हे मधल्या पट्टीतले सूर खाली दाबतं, मोठा ॲम्प, मोठे स्पीकर आणि मोठा आवाज ते भरून काढतात, छोटा ॲम्प काढत नाही. बँडबरोबर वाजवताना तर ते पूर्ण हरवतं. उपाय म्हणजे मफच्या नंतर, मधल्या सुरांना उठाव देणारं सौम्य ओव्हरड्राइव्ह लावायचं, मफचा सस्टेन निम्म्यावर आणायचा आणि ॲम्पचा मिडल नेहमीपेक्षा वर ठेवायचा. घरी एकट्यानं ऐकताना हा आवाज कमी ‘फ्लॉइडी’ वाटेल. इतर वाद्यांत बसला की बरोबर वाटेल.

डिले, म्हणजे प्रतिध्वनीचं पेडल, नेहमी फझच्या नंतर. आधी लावलात तर प्रतिध्वनी विरतच नाहीत, फझ त्यांनाही दाबून एकाच उंचीवर आणतं आणि चिखल होतो. वेळ गाण्याच्या लयीवरून काढा: ६०,००० भागिले मिनिटाला पडणारे ठोके, उत्तर मिलिसेकंदांत. ८० ठोक्यांच्या गाण्याला ७५० मिलिसेकंद. त्याचं पाऊण म्हणजे साधारण ५६३, हे दुसऱ्या डिलेला. प्रतिध्वनीची पातळी मूळ आवाजाच्या पाव भागाच्या पुढे नेऊ नका. संथ मींड घेताना एक गंमत होते: आपण वरच्या स्वरावर पोहोचलेलो असतो आणि मागून अजून खालचा स्वर परत येत असतो. पातळी कमी असेल तर ते धुकं वाटतं, जास्त असेल तर बेसूर.

स्वच्छ, लांब स्वरांसाठी कॉम्प्रेसर लागतो, पण तोही बेतानं. सस्टेन पूर्ण फिरवलात तर पिकचा ठोका नाहीसा होतो आणि सिंगल कॉइल पिकअपची गुणगुण प्रत्येक विश्रांतीत फुगून वर येते. या अल्बममधल्या विश्रांती ऐका; त्या खरोखर शांत आहेत.

शेवटची युक्ती पैशांशिवायची. गिलमोर सोलो एका दमात वाजवून मोकळा होत नाही. फ्लॉइडच्या ‘कम्फर्टेबली नम्ब’च्या वेळी त्यानं पाच-सहा सोलो ध्वनिमुद्रित केले, प्रत्येकातल्या चांगल्या जागांवर कागदावर खुणा केल्या आणि त्या जोडून एक सोलो बनवला. घरी तसंच करा: एकाच पट्टीवर पाच वेळा वाजवा, दुसऱ्या दिवशी ऐका, प्रत्येकातली एकच ओळ ठेवा, आणि मग जोडून झालेला सोलो नव्यानं शिकून सलग वाजवा. शिकून वाजवायची पायरी गाळली तर जोडाच्या ठिकाणी श्वास तुटतो आणि कळतो.

आता कुठली आवृत्ती घ्यायची ते. सीडीवर नऊ रचनांखेरीज ‘येस, आय हॅव घोस्ट्स’ आणि ती चौदा मिनिटांची जॅम आहे. पहिलं गाणं जुलै २०२० मध्येच प्रसिद्ध झालेलं, नवं नाही. जॅम मात्र हवीच, त्यामुळे एलपी घेणाऱ्यांनी मागच्या बाजूची यादी वाचूनच पैसे द्यावेत. ४४ मिनिटं म्हणजे एलपीच्या एका बाजूला साधारण २२ मिनिटं, तेव्हा खोबण्या दाटीवाटीच्या होत नाहीत आणि शांत जागा शांत राहतात. तरी सुई स्वच्छ हवी. हार्पच्या मागे धुळीचा प्रत्येक टिचका ऐकू येतो.

ब्लू-रे वर डॉल्बी ॲटमॉसचं, म्हणजे भोवतालून आणि वरूनही आवाज देणारं, मिश्रण आहे. ते ऐकायला येत नसेल तर प्लेअरचा ऑडिओ ‘बिटस्ट्रीम’वर टाका आणि ‘सेकंडरी ऑडिओ’ बंद करा. तो चालू असला की बरेच प्लेअर ॲटमॉस गाळून साधा आवाज पुढे पाठवतात. स्ट्रीमिंगवर मिळणारं ॲटमॉस दाबलेलं असतं, ब्लू-रे वरचं नसतं. पण छतावर स्पीकर नसतील तर या भानगडीत पडू नका, स्टीरिओ मिश्रण पुरेसं मोकळं आहे.

फोनवर ऐकणार असाल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता त्यात पुढचं मिसळायची सोय, शून्यावर आणा. तो १२ सेकंदांवर असेल तर ‘व्हिटा ब्रेव्हिस’चे पहिले १२ मागच्या सोलोखाली जातात, शेवटचे १२ पुढच्या गाण्याखाली, आणि ४६ सेकंदांच्या हार्पमधले मोकळे २२ सेकंद हाती उरतात. शफल तर लावूच नका.